पिवळ्याचा भरवसा नाही

माझ्या बायकोच्या मावशीइतकी अनिर्बंध सत्ता आज या पृथ्वीवर दुसऱ्या कुणाच्या हाती असेल असं मला वाटत नाही. राजे गेले, पुढारी पाच वर्षांचे पाहुणे, आणि माणूस कितीही मोठा झाला तरी सूर्याला ‘उद्यापासून पश्चिमेला उगवत जा’ असं काही सांगू शकत नाही. मावशींनी सांगितलं होतं. सूर्याने ऐकलंही होतं. मग दोन आठवड्यांनी कथेतल्या एका म्हातारीचं वाळवण सावलीत जायला लागलं, तेव्हा मावशींनी त्याला मुकाट्याने परत पूर्वेला आणून ठेवला. एका नदीला त्यांनी तीनदा पात्र बदलायला लावलं आहे. एक अख्खा डोंगर, केवळ त्याला शोभेलसं नाव सुचेना म्हणून, खोडरबराने पुसून टाकला आहे. आणि एवढी सत्ता हाती असलेली ही बाई नागपूरच्या टोकाला, बेसातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते, दर मंगळवारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून सिटी बसने धरमपेठेत येते, आणि बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली नाही तर दुपारपर्यंत माझ्याशी धड बोलत नाही.

धरमपेठेतल्या एका गल्लीत माझं मराठी टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, वकिलांच्या नोटिसा आणि वाढदिवसाचे फलक यांच्यावर माझा संसार चालतो, आणि या सगळ्यांच्या मधोमध गेली काही वर्षं एक राज्य येऊन बसलं आहे. त्याचं नाव काठापदर. मावशींचा जन्म उमरेडच्या विणकराच्या घरातला. वडील हातमागावर लुगडी विणायचे, घरामागच्या चुलीवर मोठ्या गंजात सूत रंगवायचे, आणि लहानपणी मावशींचे हात कोपरापर्यंत कधी निळे तर कधी तांबडे असायचे. पुढे त्या शिकल्या आणि जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशांच्या नकला काढायच्या नोकरीला लागल्या. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतांचे बांध, विहिरी आणि पांदणवाटा काढण्यात गेला. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हात शिवशिवायला लागला म्हणून त्यांनी एक कागद घेतला आणि कुठेच नसलेल्या एका गावाचा नकाशा काढला. गावाला विहीर दिली. विहिरीला भूत दिलं. भुताला काहीतरी कारण हवं म्हणून त्याला सासू दिली, आणि संध्याकाळपर्यंत त्या गावात पहिला खून पडला होता. हे गाव कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे मोजणीला गेलं की कोणी कुऱ्हाड घेऊन अंगावर येत नाही, ही त्यातली सगळ्यांत मोठी सोय, असं त्यांचं म्हणणं. गाव वाढत वाढत राज्य झालं. लांबच लांब, वाळत घातलेल्या लुगड्यासारखं. दोन्ही अंगांनी दोन नद्या, ते त्याचे काठ, आणि शेवटी जमीन रुंद होऊन समुद्राला मिळते तो त्याचा पदर.

राजाराणीची, जादूटोण्याची राज्यं रचणारे बाकीचे लोक मनाला येतील तसे रंग उधळतात. मावशींच्या राज्यात एकही रंग विनापरवाना फिरू शकत नाही. निळा म्हणजे वचन, कारण नीळ एकदा सुतात शिरली की धागा झिजेल पण ती जाणार नाही. लाल म्हणजे राग, कारण तो चढायला वेळ लागतो, दोनदोनदा बुचकळावं लागतं, आणि चढला की शेजारच्या कपड्यालाही लागतो. पांढरा म्हणजे ज्याला अजून काहीच ठाऊक नाही ते कोरं सूत. पिवळा म्हणजे फितुरी. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी सगळ्यांत देखणा दिसतो आणि दोन उन्हं लागली की साथ सोडतो. हिरवा कुठल्याही एका गंजातून निघत नाही. निळं सूत पिवळ्यात बुडवावं लागतं. वचनाला फितुरी लागल्यावरही जे टिकून राहतं ते, म्हणून हिरवा म्हणजे क्षमा. हे ऐकलं तेव्हा मी दोन मिनिटं कीबोर्डवरचे हात काढून बसलो होतो. मावशींना मात्र त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्या माझ्या अंगातल्या पिवळ्या टी-शर्टकडे बघत होत्या.

“पिवळ्याचा भरवसा नाही जी, जवाईबापू,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि टाइप करायला आणलेलं कादंबरीचं पहिलं प्रकरण पिशवीत घालून परत घेऊन गेल्या. पुढच्या मंगळवारी मी पांढरा सदरा घातल्यावरच ते मला मिळालं. त्या टी-शर्टने आता आम्ही स्कूटर पुसतो.

बरं, नुसता रंग येऊन भागत नाही. प्रत्येक रंगाने येताना आपली खूण बरोबर आणली पाहिजे असा काठापदरचा कायदा आहे. लाल आला की कुठेतरी भिवापुरी मिरची भाजली जाते आणि माणसांना ठसका लागतो. हिरवा आला की माठाच्या बुडाला हात लावावा तसा गारवा येतो. निळ्याबरोबर लांबून हातमागाची खटखट ऐकू येते, आणि पिवळा आला की तडा गेलेल्या घागरीवर टिचकी मारावी तसा बद्द आवाज होतो. दुसऱ्या प्रकरणानंतर मला हे जरा अति वाटायला लागलं. दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करून करून माझीही साहित्याविषयी काही मतं बनली आहेत. मी नम्रपणे सुचवलं की दर वेळी तीच खूण आली तर वाचक कंटाळेल, मधूनमधून बदल असावा. मावशींनी चष्मा काढून पुसला आणि मला नोकरीतला एक धडा दिला. नकाशावर विहिरीची खूण एकदा ठरली की सगळ्या जिल्ह्यात तीच राहते. एखाद्या गावाला आल्यावर त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी विहीर वेगळी काढली असती, तर कोणीतरी तिच्यात पडलं असतं. वाचकाचंही तसंच, म्हणे. त्याला खूण ओळखीची झाली म्हणजे तो डोळे मिटूनही राज्यात फिरू शकतो, आणि लिहिणारीचं काम त्याला फिरवायचं आहे, पाडायचं नाही.

काठापदरचा कायदा काठापदरात राहिला असता तर कुणाची तक्रार नव्हती. तो बेसातून निघून सगळ्या नातेवाइकांत पसरला. वरण मावशी रोज खातात, पण त्याच्याविषयी विचारलं तर म्हणतात, खाते, विश्वास ठेवत नाही. संत्र्याचा रंग म्हणजे लाल आणि पिवळा, रागात कालवलेली फितुरी, म्हणजे थेट युद्ध; त्यामुळे काठापदरात संत्र्याचं एकही झाड नाही. नागपूरच्या बाईने रचलेलं बिनसंत्र्याचं राज्य जगात हे एकच असावं. हिवाळ्यात मात्र त्या स्वतः फोडीमागून फोड तोंडात टाकत असतात, आणि कुणी टोकलं तर सांगतात की सध्या मी राज्याबाहेर आहे. कामठीला माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं तेव्हा हळदीच्या दिवशी त्या मांडवाच्या दारातच उभ्या राहिल्या, नवरदेवाला जवळ बोलावून ‘हे पुसून टाक, मग बोलू’ असं म्हणाल्या, आणि त्या पोराने भर कार्यक्रमात गाल पुसले म्हणून त्याच्या आत्या दोन दिवस रुसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या कंत्राटदाराने मोहरीच्या रंगाचा शर्ट घातला होता. मावशी पहिल्या पंगतीपासून त्याच्या मागे. तो भट्टीकडे गेला की या भट्टीकडे, तो टेम्पोकडे गेला की या टेम्पोकडे. आम्ही सगळे लाजेने मान खाली घालून जेवत होतो. तेवढ्यात मावशींनी टेम्पोतल्या पोत्यांच्या मागून गुलाबजामचं एक अख्खं पातेलं ओढून काढलं. त्या गृहस्थाचं त्याच संध्याकाळी दुसरीकडे आणखी एक कार्य होतं. तेव्हापासून आमच्या नात्यातली चांगली शिकलेली, विज्ञानाबिज्ञानाची माणसंही मोहरी रंगाचा शर्ट घालून मावशींसमोर जात नाहीत.

त्यांच्या वह्या हा एक स्वतंत्र प्रकार आहे. कुठल्या पानावर कुठला रंग आला हे विसरू नये म्हणून त्या पानाला भोक पाडून त्या रंगाचा धागा ओवून ठेवतात. लाल तीनदा आला तर लाल धागे तीन. चारशे पानांच्या वहीला कडेने इतके धागे लोंबतात की ती वही आहे की बैलाच्या गळ्यातला गोंडा आहे ते लांबून कळत नाही. एकदा बसमध्ये त्या मांडीवर ही वही घेऊन, धागे मोजत, ‘हा मेला, ही वाचली, याला उद्या विहिरीत टाकते’ असं पुटपुटत होत्या. शेजारची बाई उठून उभी राहिली. पुढच्या सीटवरचे दोघंही उठले. दोन बाकं मोकळी झाली आणि मावशींना खिडकी मिळाली. त्या दिवशी त्या फारच आनंदात दुकानात आल्या, आणि लोक किती चांगले असतात हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आता माझ्या गुन्ह्याकडे वळतो. सातवं प्रकरण युद्धाचं होतं. एका बाजूला लाल निशाणांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला हिरव्या निशाणांचं, त्यामुळे पानोपानी मिरच्या भाजल्या जात होत्या आणि पानोपानी गारवा सुटत होता. टाइप करता करता मला खरोखर शिंका यायला लागल्या. शेवटी माझ्यातल्या साहित्यिकाने उचल खाल्ली. मी कुणाला न सांगता सगळे ठसके कापले, सगळे गारवे कापले. लाल निशाण म्हटलं की लाल निशाण. वाचकाला डोळे आहेतच की, असा माझा हिशेब. प्रकरण कसं सडसडीत झालं. छापील पानं मावशींच्या हाती देताना मला वाटलं, बाई अजून काही दिवसांनी माझे आभार मानेल.

पुढच्या मंगळवारी मावशी आल्या त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. त्यांचं प्रत्येक प्रकरण सर्वांत आधी मावसाजी, म्हणजे त्यांचे यजमान, वाचतात. मावसाजी गणिताचे निवृत्त शिक्षक. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारे, आणि त्यातली दोन नळाच्या पाण्याविषयी. ते शिसपेन्सिल हातात घेऊन वाचतात आणि पटलं तर समासात बरोबरची खूण करतात. सातव्या प्रकरणात त्यांनी एकही खूण केली नव्हती. पानं खाली ठेवून ते एवढंच म्हणाले होते की आज काही कळलं नाही, कोणतं सैन्य कोणाचं ते समजेना, धुक्यात हिंडल्यासारखं झालं. हे सांगताना मावशींचा आवाज चढलेला नव्हता.

मग त्यांनी मला उभ्या उभ्याच खुणांचं खरं कारण सांगितलं. मावसाजींना रंग कळत नाहीत. तरुणपणी त्यांना रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरून यातला आकडा वाचा म्हटलं. त्यांना आकडा दिसलाच नाही. तिथून ते गणिताकडे वळले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मावशींसाठी हौसेने लाल पातळ आणलं. ते शेवाळी निघालं. घरातल्या बायका खूप हसल्या, तेही हसले, आणि त्यानंतर त्यांनी कापडाच्या दुकानाची पायरी चढली नाही. त्या दिवसापासून मावशी त्यांना रंग सांगत आल्या आहेत. टोमॅटो पिकला की नाही, सिग्नल कोणता लागला, पाहुणीने काय नेसलं होतं, संध्याकाळी आभाळ कसं झालं. त्यांचं जग जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं असणार, असं मावशींनी तेव्हाच धरून घेतलं होतं.

“नुसतं लाल लिहिलं तं त्यांच्या पानावर काय उरते?” त्या म्हणाल्या. “भोक उरते जी. म्हणून मिरची लिहिते मी.”

त्या गेल्यावर दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक मिरची परत भाजून जागेवर ठेवली.

मावशींनी क्षमा केली असावी असं मला वाटलं होतं, पण काठापदरचं न्यायखातं संथ असलं तरी चोख आहे. नवव्या प्रकरणात दरबारात एक नवा लेखनिक आला. तो पोटाने थोडा सुटलेला होता, त्याची साहित्याविषयी काही मतं होती, आणि त्याच्या डोक्याला पिवळी पगडी होती. तो राणीच्या फर्मानांतले शब्द गुपचूप खात असे. अकराव्या प्रकरणात त्याचं पोट शब्दांनी इतकं फुगलं की तो नाव उलटून नदीत पडला, आणि पडताना बद्द असा आवाज झाला. हे मरण मला स्वतःच्या हातांनी टाइप करावं लागलं. त्यातही ‘बुडाला’मधला उकार मी दीर्घ केला होता, मावशींनी तो मुद्रितात लाल शाईने ऱ्हस्व केला, आणि ही शाई उगाच लाल नाही हे मला बघूनच कळलं.

होता होता पहिला भाग पुरा झाला. नातेवाइकांपुरत्या पन्नास प्रती काढायच्या, रविवारी संध्याकाळी बेसाच्या घरी सगळ्यांना बोलवायचं, चिवडा आणि चहा द्यायचा आणि एकेक प्रत हातात ठेवायची असं ठरलं. मुखपृष्ठ अर्थातच निळं. पुस्तक पुरं करायचं वचन पाळलं गेलं होतं ना. मी निळं मुखपृष्ठ तयार केलं, त्यावर मावशींनी काढलेला राज्याचा नकाशा बसवला. आणि मग, का कोण जाणे, माझ्या अंगात आलं. तेच मुखपृष्ठ मी झगझगीत पिवळ्या रंगात करून ठेवलं. मंगळवारी मावशी आल्या की पडद्यावर एकदम दाखवायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा, एवढाच माझा हेतू. बुडालेल्या लेखनिकाने घेतलेला तो सूड होता. त्या मंगळवारी नेमक्या मावशी आल्या नाहीत, पत्रिकांची गर्दी होती, छपाईवाला फाइल मागत होता, आणि घाईत मी कोणती फाइल पाठवली ते मला रविवारी दुपारी एक गठ्ठा सोडल्यावर कळलं. छपाई उत्तम झाली होती. पन्नासच्या पन्नास प्रती सूर्यफुलाच्या शेतासारख्या पिवळ्या होत्या.

बायकोने एक प्रत उलटसुलट करून पाहिली, आणि बेसाला मी आधी एकट्यानेच जावं असं तिचं मत पडलं.

मी पोचलो तेव्हा पाहुणे यायला तासभर होता. मावसाजी गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसले होते. मावशींनी नवं निळं पातळ नेसलं होतं. त्यांनी सुतळी सोडली, वरचा कागद बाजूला केला आणि थांबल्या. मी माझी कहाणी सांगायला लागलो, गमतीची, फाइलची, छपाईवाल्याची, पण ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या सरळ आत स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या राज्यात एक पानदेखील चुकीच्या रंगाचं पडू दिलं नव्हतं, आणि मी अख्ख्या राज्यालाच फितुरीत बुचकळून त्यांच्या दारात आणून ठेवलं होतं.

मावसाजी उठले. त्यांनी गठ्ठ्यातली एक प्रत उचलली, हात लांब करून गॅलरीतल्या उजेडात धरली, आणि बराच वेळ बघत राहिले.

“पिवळं आहे,” ते म्हणाले. “लय सुंदर पिवळं आहे.”

मावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. “तुमाले कोनं सांगितलं?”

“कोनं नाही. दिसून राहिलं.”

मग मावसाजी बोलले. आठवडाभराची वाक्यं त्यांनी त्या पाच मिनिटांत खर्च केली असतील. त्यांचा घोळ लाल आणि हिरव्याचा होता, तेवढाच. ते दोन्ही त्यांना मातीसारखे, एकमेकांत मिसळलेले दिसत. पिवळा आणि निळा त्यांना पहिल्यापासून दिसत होता, चांगला लख्ख दिसत होता. खरं तर त्यांच्या डोळ्यांना तेवढेच दोन रंग काय ते उजळत. उन्हाळ्यात रस्त्याकडेचा बहावा फुलला की तो त्यांना मावशींच्या आधी दिसायचा. मावशी हात धरून सांगायच्या, बघा, बहावा फुलला, पिवळाधमक झाला. आणि ते दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान हलवायचे.

मावशी भिंतीला धरून उभ्या होत्या. “काहून नाही बोलले इतकी वर्षं?”

मावसाजींनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी जावई माणूस समोर असल्याने त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. मग ते हळूच म्हणाले, “तू सांगत होती. हे दोन दिसते म्हटलं असतं, तं अर्धं सांगणं बंद झालं असतं तुझं.”

मावशी पुस्तकांच्या न सोडलेल्या गठ्ठ्यावर बसल्या. मी गॅलरीत जावं की जिन्यात जावं हे मला ठरवता येईना, म्हणून मी पंख्याकडे बघत राहिलो. त्या मनातल्या मनात चारशे पानं उलटत होत्या हे मात्र मला दिसत होतं. प्रत्येक फितूर सरदार, प्रत्येक विषारी फूल, बुडालेला लेखनिक, सगळं एकाच रंगातलं. त्या नवऱ्यासाठी मिरच्या भाजत होत्या, माठ भरत होत्या, आणि त्याच्या डोळ्यांना लख्ख दिसणाऱ्या दोनातला एक रंग त्यांनी वेचून वेचून खलनायकांना वाटून टाकला होता. आणि तो माणूस पेन्सिल घेऊन समासात बरोबरची खूण करत बसला होता.

“मंग माझ्या राज्यात,” त्या म्हणाल्या, “तुमाले दिसते तेच फितूर?”

“राज्य तुझं,” मावसाजी म्हणाले. “मी तं प्रजा आहो.”

पाहुणे आले. चिवडा झाला, चहा झाला. माझ्या मेहुणीला काठापदरचे कायदे पाठ आहेत. तिने प्रत हातात घेतली आणि सगळ्यांसमोर विचारलं, मावशी, पिवळा? बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच सांगितलं होतं जवाईबापूंना पिवळा करा म्हणून, असं त्या सरळ तोंडाने खोटं बोलल्या आणि पुढच्या पाहुण्याला प्रत द्यायला वळल्या. माझ्या तळहातांना माठाच्या बुडासारखं गार लागल्याचा भास झाला, तो चहाच्या कपाचा नक्कीच नव्हता.

त्या रविवारनंतर काठापदरात मोठी धांदल उडाली आहे. दुसरा भाग सुरू झाला, आणि जुने कायदे एकेक करून पुन्हा तपासायला काढले गेले. या सुधारणांचा फायदा घेऊन मीही माझा अर्ज पुढे केला, की पिवळ्याचा अर्थ बदलत असेल तर त्या लेखनिकाच्या मृत्यूचाही फेरविचार व्हावा. मावशींनी तो ऐकून घेतला आणि फेटाळला. तो पगडीमुळे बुडाला नव्हता, म्हणाल्या, सवयीमुळे बुडाला होता.

पण काम फार हळू चालतं. पूर्वी मंगळवारी मला दहा-बारा पानं मिळायची, आता एखादं, कधी दीड. कारण आता रंग आला की मावशी लिहीत नाहीत, थांबतात आणि मावसाजींना विचारतात. मावसाजींना ते सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्याने सांगितलेलं ऐकायची सवय. आपल्याला काय दिसतं त्यासाठी त्यांच्याजवळ शब्दच जमलेले नाहीत. एका निळ्या छत्रीवर त्यांनी दोन दिवस घेतले. मावशींची सत्तरी उलटली आहे, मावसाजी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे. दुसरा भाग माझ्या कीबोर्डवरून पुरा होऊन जाईल असं मला आताशा वाटत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी पहिल्या भागाची फाइल उघडून उगाच एखादं पान वाचतो.

गेल्या आठवड्यात त्या आल्या नाहीत म्हणून मीच मुद्रितं घेऊन बेसाला गेलो. दार लोटलेलं होतं. दोघंही गॅलरीत बसले होते, मावशींच्या मांडीवर वही, हातात पेन. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यांच्या मागे मावळतीचं आभाळ. मी आल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

“ते तिथलं, पाण्याच्या टाकीवरचं,” मावशी विचारत होत्या. “ते कसं दिसते तुमाले?”

“थांब ना वं,” मावसाजी म्हणाले. “घाई काहून करते? पाहू तं दे.”

मी कागद टेबलावर ठेवले आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मावसाजी बघत होते. मावशींनी पेन कागदाच्या वर तसंच धरून ठेवलं होतं. हळूहळू त्या टाकीवरचा रंग उतरला, दुसरा आला, तोही जायला लागला. आभाळाकडे मात्र मावसाजी एकटेच पाहत होते; मावशी पाहत होत्या मावसाजींकडे.